ब्रेकला वंगण

बैलगाडीच्या कण्याला वंगण लावतात, हे मला कळतं. रहाटाला लावतात, दाराच्या बिजागरीला लावतात, तेही कळतं. पण सायकलच्या ब्रेकला वंगण लावणारा माणूस जगात एकच, आणि तो देवानं नेमका आमच्या घरात जन्माला घातला. माझे दीर, उत्तमराव.

तोंडावर बोलायचं ते सगळं बोलून झालं, तरी राग उतरत नाही. म्हणून लिहायला बसले. माझी शाळा दुसरीतच म्हशीमागं गेली, त्यामुळं अक्षरं वाकडी निघतात. राग मात्र सरळ आहे.

लिहायचं आहे ते शिवकन्येबद्दल. शिवकन्या माझी सून, हरीशची बायको. हट्टा गावची लेक. लग्न होऊन आली तेव्हा गल्लीतल्या बाया मला म्हणाल्या, कमलबाई, पोरगी मुकी आणली का? मुकी नव्हती. तिला एक खोड होती, अजून आहे. कोणतीही वस्तू हातात आली की ती आधी उलटी करून खालून बघते. आमच्या घरी पहिल्या दिवशी चहा पिऊन झाल्यावर तिनं कपबशी उलटी केली. मला वाटलं, ही आमची ऐपत बघून राहिली. मागाहून कळलं की ती शिलाईचं मशीनही तसंच बघते, पाण्याची मोटरही, चपलासुद्धा. माणूस उलटा करता येत नाही, म्हणून त्याच्याकडं गप्प बसून बघते. उत्तमरावांना तेच सहन होत नाही.

आमचं गाव कुरुंद्यापासून आत, कालव्याच्या अलीकडं. कालव्यापलीकडं वाडी आहे, तिथल्या शाळेत शिवकन्या लेकरांची खिचडी शिजवते. मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत ताटं वाढलेली पाहिजेत. लेकरं तोंडं वासून बसलेली असतात, त्यातली कितीतरी घरून उपाशीच आलेली. उशीर झाला की हेडसर तोंडानं काही बोलत नाहीत, नुसते घड्याळाकडं बघतात. आणि ते काम आपल्याला मिळावं म्हणून दुसऱ्या बाया दारात उभ्याच असतात. त्यांचंही काही चुकत नाही, चूल सगळ्यांनाच आहे. पण शिवकन्येला त्या कामाची गोडी निराळीच. घरात ती शिजवते तेव्हा मीठ कमी-जास्त एवढंच लोकांना दिसतं. शाळेतली लेकरं तिला 'खिचडीमाय' म्हणतात. बाजारात दिसली तर पळत येऊन पदर धरतात. आमच्या घरात तिला पळत येऊन कोणी भेटलेलं मी बघितलं नाही.

वाडीकडं सकाळी गाडी जात नाही. ऑटो सगळे कुरुंद्याकडं धावतात, म्हणजे उलट्या तोंडाला. म्हशीचं दूध, शेणगोठा, आमच्या सगळ्यांच्या भाकरी एवढं उरकून पायी निघालं तर घंटा गाठणं होत नाही. म्हणून सायकल. माझी नात, लेकीची पोर सृष्टी शिकायला नांदेडला गेली, तिची सायकल ओसरीत धूळ खात उभी होती. शिवकन्येनं ती एक दिवस बाहेर काढली, अंगणात उलटी ठेवली आणि कितीतरी वेळ खालून बघत बसली.

हळद वाळवून, पोती भरून झाली की खळं मोकळं असतं. तिथं ती सायकल शिकली. मागं कॅरिअर धरून पळायला कोण? मी. माझं वय विचारू नका. आमचं ते सोंग बघायला कुंपणाशी बाया जमायच्या.

"कमलबाई, सुनेला पळवून लावून राहिल्या का?"

"पळवून लावत न्हाई गं, पळायला शिकवून राहिले!"

शिकली. पडत, झडत, पण शिकली. आणि मग रोज गल्लीतून जाऊ-येऊ लागली. ती सायकल एकच खोड दाखवायची. पुढचा ब्रेक दाबला की असा वाजायचा, जशी सनई मधूनच फाटली. मारुतीच्या पाराशी वळण आहे, तिथं ती ब्रेक दाबायची आणि पारावर निजलेली कुत्री उठून बसायची. कुत्र्यांबरोबर उत्तमरावही.

"आली, आली खिचडी एक्स्प्रेस," ते म्हणायचे. पारावरचे हसायचे.

आता उत्तमरावांचं शास्त्र ऐका. ह्यांचं जन्मभराचं एकच वाक्य: जे करकरतं त्याला वंगण लावावं. गाडी करकरली, वंगण. रहाट करकरला, वंगण. आमच्या घरात आता बैल नाहीत, गाडीचा नुसता सांगाडा गोठ्यामागं पडून आहे, पण वंगणाचा डबा अजून खुंटीला टांगलेला. एरंडेलात काजळी कालवून केलेलं ते काळंकुट्ट वंगण. ते वाळू नये म्हणून भावजी त्यात अधूनमधून तेल ओततात. देवाच्या समईत तेल आहे का नाही ते बघणार नाहीत.

आणि हे शास्त्र ह्या घरात नुसतं गाडीपुरतं नव्हतं हो. मी नवी सून होते तेव्हा एकदा तोंड उघडून म्हटलं होतं, मला विहिरीचं पाणी ओढून ओढून हात सोलले, कोणीतरी गडी लावा. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी बाजारातून चोळीचा खण आणून पुढ्यात टाकला. "सून करकरून राहिली व्हती," म्हणाले. खण हिरवा होता, चांगला होता. पाणी मीच ओढलं. वंगण म्हणजे काय, ते मला तेव्हाच कळलं. उत्तमराव तेव्हा दाराशी बसून गोट्या खेळत होते, पण ऐकत असावेत.

तर झालं असं. शुक्रवारी सकाळी शिवकन्या आत भाकरी बांधत होती. खिचडीत घालायला आमच्या मळ्यातली मेथी तिनं पिशवीत भरून हँडलला अडकवली आणि निघाली. त्या दिवशी गल्लीत ब्रेक वाजला नाही. मला चुलीशी बसल्या बसल्या चुकल्यासारखं वाटलं, पण घाईत न दाबताच वळली असेल म्हणून लक्ष दिलं नाही.

कालव्याच्या पुलापलीकडं उतार आहे. उताराच्या तळाशी रस्ता एकदम वळतो, आणि वळणावर बाभळीच्या काट्यांचं कुंपण. रोज ती उताराच्या तोंडाशीच ब्रेक धरते. त्या दिवशीही धरला. ब्रेक हाताशी आला, सायकल काही थांबली नाही. शेवाळावर पाय पडावा तशी सुटली. मागचा दाबला, तोही तसाच. मग तिनं पाय टेकवले, चपला फाटल्या, आणि ती कुंपणात गेली. हनुवटी फुटली, कोपर सोललं, गुडघा ठेचला, मेथी कालव्याच्या पाण्यात.

पुढचं ऐका, म्हणजे ही बाई काय आहे ते कळेल. उठली. काटे उपटले. सायकल हातानं ढकलत शाळेत गेली आणि त्या सुजलेल्या हातानं खिचडी शिजवली. घंटेच्या आत. मेथी नव्हती म्हणून लेकरांची माफी मागितली म्हणे.

संध्याकाळी सायकल ढकलत घरी आली तेव्हा हनुवटीवरचं रक्त वाळलेलं. मी हळद दाबून राहिले, तोवर उत्तमराव ओसरीवर पाट मांडून न्यायाधीश होऊन बसलेच.

"काय झालं?"

"ब्रेक लागला न्हाई, मामाजी."

"लागला न्हाई का दाबला न्हाई?"

"दाबला. दोन्ही दाबले."

"बाईच्या हातात जोर किती असतो? म्या आधीच म्हणलं व्हतं. सायकल काय लाटणं हाय का?"

तेवढ्यात हरीशचा फोन. तो टेम्पोवर असतो, हळदीची पोती वाहतो, आठवड्यातून एकदा घरी. उत्तमरावांनी त्याला आधीच कळवलेलं. पलीकडून आवाज आला, "सायकल बंद. काम जमत असंल तर पायी जाय, न्हाई तर सोड." शिवकन्या फोन कानाला धरून उभी राहिली. पायी जमत नाही हे त्यालाही माहीत होतं. म्हणजे काम सोड, असंच ते. सरळ सोड म्हणायला जड जातं म्हणून असं म्हणाला.

हाताला काम पाहिजे म्हणून मी बादली घेऊन सायकलचा चिखल धुवायला गेले. चाकाच्या लोखंडी कडेवर, त्या रिमवर पाणी ओतलं, तर पाणी टिकेना. अळूच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळलं. बोट फिरवलं. काळं. नाकाशी नेलं. एरंडेल.

गोठ्यामागं जाऊन बघितलं, खुंटीवरचा डबा होता तिथंच, पण वंगण लावायची काडी ताजी भरलेली.

ओसरीवर आले. बोट पुढं धरलं.

"भावजी, सायकलला काय लावलं?"

वाटलं, नाही म्हणतील. लपवतील. कसचं काय! छाती पुढं काढून म्हणाले, "वंगण."

"काहून?"

"करकरत व्हती. साऱ्या गल्लीला तकलीफ. सकाळी ही भाकरी बांधून राहिली व्हती, तवा म्या लावून दिलं. ब्रेकच्या रबराला, चाकाला, बराबर लावलं. दोन्हीकडं. एकट्या पुढच्याला लावलं असतं तर मागचं रुसलं असतं."

"अन् सांगितलं काहून न्हाई?"

"उपकार काय सांगून करायचे असतात, वैनी?"

मला बोलायला शब्द सापडेना. माझ्या बाबतीत हे वर्षातून एखाद्या वेळी घडतं. शिवकन्या उठली, माझ्या बोटाकडं बघितलं, वास घेतला. मग शांतपणे म्हणाली, "मामाजी, वंगण पळायला असतं. ब्रेक थांबायला असतो."

"तेच तर म्हणून राहिलो! करकर थांबली का न्हाई?"

आता सांगा, अशा माणसाच्या डोक्यात काय घालावं? आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पारावर हेच सांगितलं तर तिथलेही माना हलवतात! "बराबर हाय. वंगण नसल्यानं कणा जळालेला पाह्यला, वंगण असल्यानं कोणी पडलेलं न्हाई पाह्यलं." जन्म गाड्या हाकण्यात गेला ह्यांचा. गाडी थांबवायची तर बैलाचा कासरा ओढायचा, बैल थांबतो. ब्रेक नावाची वस्तू ह्यांना आयुष्यात लागलीच नाही. ह्यांना थांबवणारं कोणी नव्हतंच.

शनिवारी शाळा सकाळची. शिवकन्या अंधारातच उठून दूध, शेण, भाकरी उरकून पायी निघाली. गुडघा आखडलेला. पोचली तेव्हा घंटा होऊन गेली होती, लेकरं रिकाम्या ताटांवर चमचे वाजवत होती. ह्या खेपेला हेडसर घड्याळाकडं बघून थांबले नाहीत. म्हणाले, "शिवकन्याताई, सोमवारी वेळेवर या. न्हाई तर मला दुसरी बाई बघावी लागंल. लेकरं उपाशी ठेवता येत न्हाईत." त्यांच्यावर रागवायला मी तयार होते, पण जागा सापडली नाही. बरोबरच बोलले ते.

दुपारी घरी आली आणि मला म्हणाली, "आत्याबाई, चला."

"कुठं?"

"फाट्यावर. एका हातानं मला सायकल सांभाळवत न्हाई."

मग आम्ही दोघी, एक लंगडी आणि एक म्हातारी, सायकल ढकलत फाट्यावर गेलो. तिथं रूपसिंगचं दुकान आहे. तांड्यावरचा माणूस. पूर्वी नुसत्या सायकली करायचा, आता मोटरसायकली करतो. सायकलवाल्याकडं पाहुणा आल्यासारखं बघतो. त्यानं रिमवर बोट फिरवलं आणि चहाच्या टपरीकडं बघून ओरडला, "अरे इकडं या रे, ब्रेकला वंगण लावलंय, बघून घ्या!" माणसं चहाचे कप घेऊन आली. हसली. एकानं विचारलं, "मावशी, चुलीत पाणीबी ओतता का पेटायला?"

"तुझ्या माईला विचार, तिनं काय ओतून तुला वाढवलं," मी म्हटलं. तेव्हा कुठं कप घेऊन परत गेले.

"ठेवून जा," रूपसिंग म्हणाला. "मंगळवारी बघतो."

"सोमवारी घंटा गाठायची हाय, दादा," शिवकन्या म्हणाली.

"ताई, दारात बघा की किती फटफट्या उभ्या हायत. सायकलपायी ह्यांना थांबवू?"

शिवकन्येनं दारातल्या फटफट्या मोजल्या. मग म्हणाली, "पाना द्या. मीच करते."

"कोण? तुमी?"

"तुमी फटफटी करा. तिथूनच सांगा. हात लावू नका."

"मोडलं तर मला बोलू नका."

"मोडलेलंच हाय."

तो हसला. ह्या वेळचं हसणं निराळं होतं. त्यानं पाना आणि नवे रबर आणून पुढं टाकले. शिवकन्येनं पोतं अंथरलं, सायकल उलटी केली, सीट आणि हँडलवर उभी. पदर खोचला. बांगड्या वर सारून त्यांच्यावर फडकं गुंडाळलं, चाकात अडकायला नको म्हणून. मी पलीकडून सायकल धरून जुन्या टायरांच्या ढिगावर बसले. माझ्या लुगड्याला कायमचा काळा डाग पडला त्या दिवशी, तोही मी उत्तमरावांच्याच नावावर मांडून ठेवलाय.

तिनं जुने रबर काढले आणि फडक्यानं पुसायला लागली. फटफटीखालून आवाज आला, "पुसून उपयोग न्हाई. रबर वंगण पितं. पिलेलं रबर फेका. रिम साबणानं धुवा, गरम पाण्यानं. रॉकेलनं पुसू नका, तेबी चिकटच असतं."

टपरीतून गरम पाणी आणलं. धुतलं. पाणी ओतून बघितलं, घरंगळलं. पुन्हा धुतलं. पाणी सरळ पसरून बसेपर्यंत धुतलं. मग कोरडं फडकं, आणि तेही स्वच्छ आहे का ते तिनं आधी उलटं करून बघितलं.

नवे रबर बसवले. नट आवळला. खूश झाली, चाक फिरवलं. रूपसिंग बाहेर येऊन बघतो तो ओरडला.

"अहो ताई! रबर टायरला घासून राहिलं की! वाटेत टायर फाडायचा हाय का? खाली घ्या. लोखंडावर बसलं पाहिजे, पुरं लोखंडावर. टायरवर न्हाई, तारांवर न्हाई."

तिनं ढिलं केलं, खाली घेतलं, ब्रेक दाबून धरला आणि मग नट आवळला. एका हातानं जमेना म्हणून ब्रेक मी दाबून धरला. चाक फिरवलं. घासलं नाही. मागच्या चाकालाही तसंच, तिथं तिला सांगावं लागलं नाही. चाक फिरत असताना मी तारांशी हात नेला तर तीच माझ्यावर ओरडली. सुनेचं पहिलं ओरडणं मी तिथं ऐकलं, आणि खरं सांगते, गोड लागलं.

"करकर कशानं व्हती?" तिनं विचारलं.

"जुनं रबर कडक झालं व्हतं, वर धूळ. रबर घासून साफ केलं असतं तर भागलं असतं. तेल चेनला, तेबी थोडं, वरून पुसून. ब्रेकला कधीच न्हाई." मग तो जरा गंभीर झाला. "अन् एक ऐका. दुरुस्त केलं म्हणून लगेच बसायचं न्हाई. रोज निघताना हातानं ढकला अन् दाबा. आधी पुढचा, मग मागचा. धरला तर बसा. न्हाई धरला तर पायी जा. उतारावर जाऊन कळण्यात काय मजा हाय?"

तिनं तिथंच ढकललं, दाबलं. धरला. आणि वाजलाही, बारीकसा, नवा रबर ना. आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसलो. येताना रूपसिंगनं त्याचा जुना पाना तिला देऊन टाकला. "माझं गिऱ्हाईक गेलं," म्हणाला, पण वाईट वाटलेलं दिसलं नाही.

गोष्ट इथं संपली असती तर मी कशाला लिहायला बसले असते?

रविवारी हरीश आला. जेवला, निजला. शिवकन्या कालव्यावर धुणं घेऊन गेली. मी निवडत बसले होते, तेवढ्यात गल्लीत भंगारवाल्याची आरोळी. बाहेर बघते तो काय, उत्तमराव सायकल हाताला धरून भंगारवाल्याकडं निघालेत! हरीश मागं उंबऱ्यात उभा, डोळे चोळत, काही न बोलता. त्याचं ते न बोलणं बघून माझ्या अंगाची लाही झाली. सुपातली डाळ तशीच टाकून मी धावले आणि कॅरिअर धरलं. पळायची सवय कॅरिअर धरूनच लागली होती.

"सोडा, भावजी."

"वैनी, हरीशला इचारलंय म्या. घरात अवदसा नको."

"अवदसा सायकल न्हाई. अवदसा त्या खुंटीला टांगलीय!"

गल्ली जमली. पारावरचे उठून आले. भंगारवाला काटा हातात धरून कधी माझ्याकडं, कधी त्यांच्याकडं बघतो.

"वैनी, तुमी काहून एवढ्या करकरून राहिल्या?"

हे म्हणायला नको होतं त्यांनी. तो हिरवा खण, ते पाणी, सोललेले हात, सगळं एकदम माझ्या तोंडाशी आलं. मी गोठ्यामागं गेले, डबा खुंटीवरून काढला आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्या हातात ठेवला.

"लावा," म्हटलं. "वंगणानं कोणी पडत न्हाई ना? लावा ब्रेकला. आता, सगळ्यांसमोर. अन् तुमीच बसा सायकलवर. अन् कालव्याचा उतार उतरून दाखवा. तुमी उभे तळाशी पोचलात तर ही सायकल मी स्वतः भंगारात घालते, अन् माझी सून जन्मभर घरात बसंल. लावा, भावजी. थांबलात काहून?"

उत्तमरावांनी डब्याकडं बघितलं, सायकलकडं बघितलं. पारावरच्यांकडं बघितलं. वंगणाला काल माना हलवणारे आज चपलांकडं बघत होते. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "जाऊ द्या उत्तमराव, तुमचे गुडघे दुखतात."

"व्हय," उत्तमराव म्हणाले. "गुडघे दुखून राहिले, न्हाई तर…"

"कालच्या दिवशी तिचाबी गुडघा दुखत व्हता," मी म्हटलं. "ती गेली शाळेत."

तेवढ्यात शिवकन्या धुण्याची बादली डोक्यावर घेऊन आली. गर्दी, सायकल, भंगारवाल्याचा काटा, तिला सगळं एका नजरेत कळलं. बादली खाली ठेवून ती हरीशपुढं उभी राहिली.

"तुमाला इकायची हाय?"

हरीश पुटपुटला, "पुन्हा पडलीस तर?"

"ढकलून बघा. दाबून बघा. धरला न्हाई तर इका."

हरीश टेम्पो चालवतो. ब्रेक म्हणजे काय ते त्याला सांगावं लागत नाही, हीच तर माझी त्याच्यावरची आग होती. त्यानं काकाच्या हातातून सायकल घेतली, चार पावलं पळवली आणि पुढचा ब्रेक दाबला. सायकल जागच्या जागी, मागचं चाक उचलून आलं. आणि वाजला! पारावरची कुत्री उठली.

"कोणी केला?" त्यानं विचारलं.

"म्या," ती म्हणाली.

त्यानं सायकल वळवून आत नेऊन लावली. भंगारवाल्याला मी आमची जुनी फुटकी बादली दिली, बिचारा उगाच रिकामा कशाला जाईल.

सोमवारी मी कालव्याच्या पुलावर जाऊन उभी राहिले. मला विश्वास होता, पण डोळ्यांना नव्हता. ती आली, उताराच्या तोंडाशी ब्रेक धरला, सावकाश उतरली, वळणावर पाय न टेकता थांबली, मागं वळून माझ्याकडं बघितलं. जा म्हणून मी हात हलवला. मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हाही मी पुलावरच होते, आणि वाडीकडून ताटांचा आवाज आला नाही. म्हणजे खिचडी वाढलेली होती. भरल्या ताटावर लेकरू चमचा वाजवत नाही.

काम टिकलं. आता गल्लीतल्या दोघी-तिघी आपापल्या सायकली तिच्याकडं घेऊन येतात. ती दुरुस्त करून देत नाही. पोतं अंथरते, पाना त्यांच्या हातात देते आणि स्वतः शेजारी भाजी निवडत बसते. "टायरवर न्हाई, लोखंडावर," एवढं मधून मधून म्हणते.

आणि उत्तमराव? चुकलं म्हणून एक शब्द नाही. आजपर्यंत नाही. उलट परवा कुरुंद्याच्या बाजारात कोणाला तरी सांगत होते, मी ह्या कानांनी ऐकलं, "आमच्या सुनेला सायकलीतलं सगळं येतं. म्याच लक्ष घातलं ना, म्हणून शिकली." माझ्या हातात वांगी होती, म्हणून भावजी वाचले.

रोज सकाळी ती उंबऱ्यासमोर सायकल ढकलते आणि ब्रेक दाबते. आधी पुढचा, मग मागचा. पुढचा वाजतोच जरासा. उत्तमराव ओसरीवरून कानावर हात ठेवून म्हणतात, "वैनी, करकरून राहिली बघा."

मी चुलीपासून ओरडते, "अजून एकदा वाजव गं!"

ती वाजवते.